हॅरिस-गाइल्सची परंपरा : मुंबईच्या आंतरशालेय क्रीडास्पर्धांची वाटचाल

मुंबईतल्या शाळांना खेळाच्या धाग्याने एकत्र बांधणारी मुंबई स्कूल्स स्पोर्ट्स असोसिएशन १८९३ साली स्थापन झाली. भारतीय क्रिकेट नियामक मंडळ तिच्यानंतर पस्तीस वर्षांनी आले, रणजी करंडक एकेचाळीस वर्षांनी. भारताने पहिला कसोटी सामना १९३२ मध्ये खेळला, तोवर या संस्थेने शाळकरी मुलांच्या कित्येक पिढ्या मैदानावर उतरवल्या होत्या. देशात खेळाच्या मोठ्या संस्था उभ्या राहण्याआधी या शहराने आपल्या शाळांच्या खेळाची घडी बसवली, याचा अभिमान प्रत्येक मुंबईकराने बाळगावा.

संस्थेचे मोठेपण केवळ वयात नाही. शाळकरी मुलाचा खेळ मोठ्यांच्या खेळाइतकाच गांभीर्याने घ्यायचा, हे तत्त्व तिने आरंभापासून धरून ठेवले. ठरलेले वेळापत्रक, पंच, धावफलक, वहीत नोंदलेला प्रत्येक चेंडू, दोन-तीन दिवस चालणारा सामना आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून येणारा निकाल, एवढे सगळे तिने बारा-चौदा वर्षांच्या मुलांना दिले. मुंबईच्या क्रिकेटची जी ओळख पुढे देशभर झाली, तिचे मूळ या गांभीर्यात आहे.

ढालींचा जन्म

संस्थेची स्थापना झाली तेव्हा मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते लॉर्ड हॅरिस. इंग्लंडच्या संघाचे ते माजी कर्णधार. १८९० ते १८९५ या त्यांच्या कारकिर्दीत मुंबईच्या क्रिकेटला राजाश्रय मिळाला, जिमखान्यांना समुद्रकाठच्या जागा मिळाल्या आणि युरोपियन विरुद्ध पारशी या सामन्यांना वार्षिक उत्सवाचे रूप आले. त्यांच्या राज्यकारभारावर मात्र टीकाही पुष्कळ झाली. १८९३ च्या दंगलीत मुंबई होरपळत असताना गव्हर्नरसाहेब पुण्याहून हलायला तयार नव्हते, हा आक्षेप तेव्हाच्या लोकांनी घेतला आणि इतिहासकारांनीही नोंदवला. त्यांच्या नावाची ढाल मात्र शाळांनी आपलीशी केली. हॅरिस शील्ड मोठ्या मुलांसाठी, आज ती सोळा वर्षांखालील गटाची आहे. तिच्या पाठोपाठ विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, शिक्षण खात्यातल्या गाइल्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या नावाने लहान मुलांची गाइल्स शील्ड आली. तो आज चौदा वर्षांखालील गट आहे. या दोन ढालींची नावे मुंबईत इतकी रुळली, की ती कोणा माणसांची नावे होती हे कित्येक खेळाडूंच्या गावीही नसते.

तो काळ लक्षात घेतला तर या स्पर्धांचे आणखी एक वैशिष्ट्य नजरेत भरते. मोठ्यांचे क्रिकेट तेव्हा धर्माच्या वाटणीवर उभे होते. पारशी जिमखाना, हिंदू जिमखाना, इस्लाम जिमखाना अशी ती रचना. १९१२ पासूनची चौरंगी आणि १९३७ पासूनची पंचरंगी स्पर्धाही याच वाटणीवर खेळली गेली. गांधीजींसह अनेकांच्या विरोधानंतर १९४६ मध्ये ती कायमची थांबली. शाळांच्या स्पर्धेत मात्र संघ बांधला जाई तो शाळेच्या नावाने. काही शाळा एका समाजाने चालवलेल्या होत्या हे खरे, पण सरकारी आणि मिशनरी शाळांच्या वर्गात नाना जातिधर्मांची मुले एका बाकावर बसत आणि एकाच टोपीखाली खेळत. जे मोठ्यांच्या या स्पर्धेला १९४६ पर्यंत जमले नाही, ते या मुलांनी कितीतरी आधी सहज करून दाखवले.

आझाद मैदान

या इतिहासाचे घर म्हणजे आझाद मैदान. एका बाजूला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, दक्षिण टोकाला बॉम्बे जिमखाना, समोर महापालिका. पूर्वीच्या एस्प्लनेड या मोकळ्या मैदानाचा हा उरलेला तुकडा. इथे बावीस खेळपट्ट्या आहेत. रविवारी एका सामन्याचा सीमारेषेवरचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या स्लिपजवळ उभा असतो आणि ‘बॉल, बॉल!’ अशी हाक आली की कुणाचा चेंडू कुणाकडे गेला हे दोन्ही संघ मिळून शोधतात. नवख्याला गोंधळ वाटेल, पण इथे खेळलेल्या मुलाला आपल्या गोलंदाजाखेरीज दुसरे काही दिसत नाही. गर्दीत एकाग्र राहण्याचे शिक्षण मुंबईच्या फलंदाजाला या मैदानाने फुकट दिले.

याच मैदानावर संस्थेचे स्वतःचे मैदान आहे. पावसाळ्यात तिथे फुटबॉल आणि हॉकी, पाऊस ओसरला की क्रिकेट, असे ऋतुचक्र वर्षानुवर्षे चालत आले. फुटबॉलच्या मोसमात गुडघाभर चिखलात माखलेली पोरे लोकलच्या डब्यात चढली की प्रवासी बाजूला सरकून जागा देतात, हे दृश्य चर्चगेट आणि सीएसएमटीच्या गाड्यांना नवीन नाही.

शाळांचा बदलता नकाशा

कोणत्या काळात कोणत्या शाळा जिंकत होत्या हे पाहत गेले, की मुंबई शहर कसे वाढले त्याचा आलेखच समोर येतो.

पहिल्या काळात वर्चस्व होते कोट, धोबी तलाव आणि गिरगाव भागातल्या शाळांचे. अंजुमन-ए-इस्लाम १८७४ ची, सेंट झेवियर्स १८६९ ची. दोन्ही शाळांपासून आझाद मैदान चालत जाण्याच्या अंतरावर. शाळा सुटली की दप्तर घेऊन थेट मैदानावर जाता येई. याच सेंट झेवियर्समधून सुनील गावसकर आणि त्यांचे बालमित्र मिलिंद रेगे पुढे आले. रेगे मुंबईचे कर्णधार झाले, गावसकर भारताचे.

मग मध्यमवर्ग दादर-माटुंग्याला सरकला, हिंदू कॉलनी आणि शिवाजी पार्कभोवती वस्ती वाढली आणि ढालींची वाटही तिकडे वळली. इंडियन एज्युकेशन सोसायटीची किंग जॉर्ज, म्हणजे आताचे राजा शिवाजी विद्यालय, ही दिलीप वेंगसरकर यांची शाळा. बालमोहन विद्यामंदिर ही संदीप पाटील यांची. माटुंग्याच्या डॉन बॉस्कोत फारुख इंजिनियर शिकले, आणि पुढे रवी शास्त्री. शास्त्रींचा संघ १९७६ मध्ये गाइल्स शील्डच्या अंतिम फेरीत सेंट मेरीजकडून हरला. पुढच्याच वर्षी शास्त्री कर्णधार झाले आणि शाळेने ती ढाल आपल्या इतिहासात पहिल्यांदा जिंकली. बी. डी. देसाई हे त्यांचे शाळेतले प्रशिक्षक, दादर युनियनचे जुने खेळाडू. क्लबमधला अनुभवी खेळाडू संध्याकाळी शाळेच्या मुलांना शिकवायला उभा राहतो, ही मुंबईची जुनी रीत. संस्थेने स्पर्धा दिली आणि अशा माणसांनी त्या स्पर्धेला लायक मुले तयार केली.

तिसरा टप्पा उपनगरांचा. रेल्वेमार्गाच्या दोन्ही बाजूंनी शहर बोरिवली, विरार, डोंबिवलीपर्यंत पसरले आणि गुणवान मुलेही तिथूनच येऊ लागली. बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेचे प्रशिक्षक दिनेश लाड यांनी रोहित शर्मा नावाच्या मुलातले कसब हेरले. तो तेव्हा ऑफस्पिन टाकायचा. फी परवडणार नाही म्हणून शाळा बदलायला कचरणाऱ्या त्या घराला लाडसरांनी फीमाफी मिळवून दिली, आणि पुढे त्याला फलंदाजीत वर पाठवले. वांद्र्याची रिझवी स्प्रिंगफील्ड या टप्प्यातली सर्वांत बलाढ्य शाळा ठरली. पृथ्वी शॉ तिथे शिकायला विरारहून यायचा. किटबॅग खांद्यावर घेऊन सकाळच्या लोकलमध्ये शिरणे ही सरावाइतकीच कठीण गोष्ट होती. वडील सोबत असत. मुंबईच्या शालेय क्रिकेटच्या इतिहासात अशा आईवडिलांसाठी वेगळे पान हवे.

फेब्रुवारी १९८८

शालेय सामन्यांची बातमी जगभर गेली ती १९८८ मध्ये. हॅरिस शील्डचा उपांत्य सामना, शारदाश्रम विद्यामंदिर विरुद्ध सेंट झेवियर्स. २३ फेब्रुवारीला आझाद मैदानावर खेळ सुरू झाला. शारदाश्रमचे दोन गडी ८४ धावांत बाद झाले आणि सोळा वर्षांच्या विनोद कांबळीच्या जोडीला चौदा वर्षांचा सचिन तेंडुलकर आला. त्यानंतर गडी पडलाच नाही. शारदाश्रमचे प्रशिक्षक रमाकांत आचरेकर सरांचे सहायक सीमारेषेवरून डाव घोषित करण्यासाठी हातवारे करत होते आणि ही दोघे त्या दिशेला बघतच नव्हती. दुसऱ्या दिवशी डाव घोषित झाला तेव्हा फलकावर होते २ बाद ७४८. सचिन नाबाद ३२६, विनोद नाबाद ३४९. विनोदला आणखी एक धाव हवी होती, पण आचरेकर सरांचा शब्द अखेरचा. ६६४ धावांची ती अभंग भागीदारी कोणत्याही दर्जाच्या क्रिकेटमधली तेव्हाची सर्वांत मोठी ठरली. नंतर विनोदने गोलंदाजीत ३७ धावांत सहा बळीही घेतले. भागीदारीचा विक्रम २००६ मध्ये हैदराबादच्या दोन शाळकरी मुलांनी ७२१ धावा करून मोडला. तोही शाळेच्याच सामन्यात, हे विशेष.

या कथेतली आणखी दोन मुले विसरू नयेत. शारदाश्रमचा पुढचा फलंदाज होता तेरा वर्षांचा अमोल मुजुमदार. दोन गडी बाद झाल्यावर त्याने पॅड बांधले आणि भागीदारी संपेपर्यंत तो तसाच बसून राहिला. त्याची पाळी आलीच नाही. याच अमोलने पुढे रणजी पदार्पणात २६० धावा केल्या, मुंबईला २००६-०७ चा करंडक जिंकून दिला आणि २०२५ मध्ये त्याच्या मार्गदर्शनाखाली भारतीय महिलांनी नवी मुंबईत विश्वचषक उंचावला. त्याला कसोटी टोपी मिळाली नाही, पण वाट पाहूनही खेळावरची निष्ठा न सोडणारा खेळाडू कसा असतो याचे उदाहरण म्हणून त्याचेच नाव आज घेतले जाते. समोरच्या संघात होता लेगस्पिनर साईराज बहुतुले. त्या डावात त्याची भरपूर पिटाई झाली. तरीही तो भारताकडून कसोटी खेळला आणि प्रथम श्रेणीत त्याने सहा हजारांवर धावा व सहाशेवर बळी मिळवले. हरलेल्या बाजूचा मुलगाही एका मोठ्या सामन्यातून काही शिकून जातो, याला यापेक्षा चांगला पुरावा नाही.

वहीतल्या धावा

संस्थेने मुलांवर जे संस्कार केले ते बक्षीस समारंभातल्या भाषणांमधून केले नाहीत. ते स्कोअरच्या वहीतून झाले. मुंबईच्या वर्तमानपत्रांत शालेय सामन्यांचे निकाल छापून यायचे, पण फलंदाजाचे नाव यायला किमान तीस धावा लागत. सचिनने आपल्या आत्मचरित्रात एक आठवण सांगितली आहे. एका शालेय सामन्यात त्याच्या चोवीस धावा झाल्या होत्या. स्कोअररने अवांतर धावांतल्या सहा त्याच्या नावावर टाकून तीस केल्या. नाव छापून आले. दुसऱ्या दिवशी आचरेकर सरांनी त्याला चांगलेच फैलावर घेतले. न केलेल्या धावा आपल्या म्हणायच्या नाहीत, हा धडा त्याला तिथेच मिळाला. तीस धावांसाठी जीव टाकणारी मुले, त्यांना छापून येण्याची आस लावणारी वर्तमानपत्रे आणि खोट्या सहा धावाही खपवून न घेणारे गुरुजी, या तिघांनी मिळून मुंबईचा फलंदाज घडवला.

त्याच फलंदाजाला बाहेरचे लोक ‘खडूस’ म्हणतात. आपली विकेट फुकट द्यायची नाही, शतक झाले की पुन्हा शून्यापासून सुरुवात करायची, पहिल्या सत्रातला चेंडू सोडायला लाजायचे नाही. हे सगळे एका दिवसाच्या मर्यादित षटकांच्या सामन्यात शिकता येत नाही. दोन-तीन दिवसांच्या शालेय सामन्यात ते आपोआप अंगी येते. १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग पंधरा वर्षे मुंबईने रणजी करंडक जिंकला, त्या संघांच्या मागे शालेय सामन्यांत आणि मैदानी क्लबांत झालेली ही मशागत होती.

मोठे आकडे आणि त्यांची दुसरी बाजू

एकविसाव्या शतकात आकडे डोळे दिपवू लागले. २००९ मध्ये बारा वर्षांच्या सर्फराज खानने हॅरिस शील्डमध्ये ४३९ धावा केल्या. २०१० मध्ये अरमान जाफरने गाइल्स शील्डमध्ये ४९८. नोव्हेंबर २०१३ मध्ये पृथ्वी शॉने हॅरिस शील्डमध्ये ३३० चेंडूंत ५४६, त्यात ८५ चौकार आणि ५ षटकार. २०१५ च्या गाइल्स शील्डमध्ये यशस्वी जयस्वालने एकाच सामन्यात नाबाद ३१९ धावा केल्या आणि ९९ धावांत १३ बळीही घेतले. पृथ्वीने २०१८ मध्ये कसोटी पदार्पणातच शतक ठोकले, यशस्वीने २०२३ मध्ये तेच केले आणि सर्फराजने २०२४ मध्ये पदार्पणाच्या कसोटीत दोन अर्धशतके. शालेय धावांना काही अर्थ असतो, हे या तिघांनी दाखवून दिले.

पण संस्थेच्या इतिहासकाराने फलकाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. पृथ्वीच्या त्या सामन्यात समोरचा संघ पहिल्या डावात शंभरीही गाठू शकला नव्हता. एका शाळेत तालमीत तयार झालेली, दूरदूरहून निवडून आणलेली मुले, आणि दुसऱ्या शाळेत एका शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाने कशीबशी जमवलेली अकरा डोकी. असा सामना दोघांनाही फारसे काही देत नाही. जिंकणाऱ्याला कसोटी लागत नाही, हरणाऱ्याचा उत्साह मावळतो. संघांच्या ताकदीनुसार गट पाडण्याचा मार्ग स्पर्धेने धरला, तो योग्यच आहे. दर्जा सांभाळायचा तर तुल्यबळ लढती हव्यात आणि लहान शाळांना खेळत राहण्याची जिद्दही टिकली पाहिजे.

मराठी शाळांबद्दलही खंत वाटते. एके काळी दादर-गिरगावच्या मराठी माध्यमाच्या शाळांचे संघ अंतिम फेरीत ठरलेले असत. पटसंख्या घटली, तशी अकरा खेळाडू जमवणेही त्यांतल्या अनेकांना जड जाऊ लागले. ज्या शाळांच्या पटांगणांनी या शहराला कर्णधार दिले, त्यांचा पहिला हक्क मैदानावर आजही आहे.

क्रिकेटच्या पलीकडे

हॅरिस आणि गाइल्स यांच्या झगमगाटात संस्थेचे बाकीचे काम झाकोळते. फुटबॉल, हॉकी, बास्केटबॉल, व्हॉलीबॉल, हँडबॉल, बुद्धिबळ, टेबल टेनिस, कॅरम, जलतरण, मुष्टियुद्ध, मैदानी खेळ अशा कितीतरी स्पर्धा मुलामुलींच्या वेगवेगळ्या वयोगटांत ती भरवते. वांद्र्याच्या सेंट स्टॅनिस्लॉस शाळेने हॉकीची परंपरा जिवापाड जपली. ऑलिंपिकपटू विरेन रास्किन्हा त्याच शाळेचा. या खेळांच्या स्पर्धांना वर्तमानपत्रात चार ओळीही मिळत नाहीत, तरी जून उजाडला की शाळांचे प्रवेशअर्ज, वयाचे दाखले, वेळापत्रके आणि पंचांच्या नेमणुका यांचा गाडा निमूटपणे चालू होतो. तो ओढणारे बहुतेक जण शाळांतलेच शिक्षक असतात. दिवसभर वर्ग घ्यायचे, संध्याकाळी मैदानावर उभे राहायचे आणि रात्री घरी बसून उद्याच्या सामन्यांची जुळणी करायची. या स्मरणिकेच्या निमित्ताने पहिला नमस्कार त्यांना.

पुढची वाट

सव्वाशेहून अधिक वर्षांत या संस्थेने दोन महायुद्धे, फाळणीचा काळ आणि करोनाची साथ पाहिली. मैदाने ओस पडली आणि पुन्हा भरली. मेट्रोच्या कामासाठी आझाद मैदानाचा काही भाग अडला, तरी उरलेल्या पट्ट्यावर सामने होत राहिले. टिकून राहण्याची ताकद संस्थेने सिद्ध केली आहे. आता गरज आहे ती तिच्या मूळ तत्त्वाला बळ देण्याची.

त्यासाठी तीन गोष्टी व्हायला हव्यात. पहिली, कितीही दडपण आले तरी हॅरिस आणि गाइल्समधले दीर्घ सामने राखले पाहिजेत. वीस षटकांच्या जगात दोन दिवस फलंदाजी करायची संधी मुलांना आणखी कोठे मिळणार? दुसरी, प्रत्येक शाळेत शारीरिक शिक्षणाचा पूर्णवेळ शिक्षक असला पाहिजे, कारण मुलाला पहिल्यांदा ओळखतो तो तोच. तिसरी, शाळांच्या कपाटांत आणि जुन्या खेळाडूंच्या घरी पडून असलेल्या स्कोअरच्या वह्या, वार्षिक अंक आणि संघांची छायाचित्रे एकत्र आणून त्यांचे कायमचे दप्तर उभारले पाहिजे. त्यांत फक्त तेंडुलकर आणि गावसकर नाहीत. शाळेसाठी एकच सामना खेळून बँकेत, गिरणीत, रेल्वेत रुजू झालेले हजारो लोक त्यांत आहेत. त्यांच्या चोवीस धावा चोवीसच म्हणून नीट नोंदलेल्या आहेत. या नोंदी जपणे हा त्यांचा मान आहे. या अंकाचा प्रत्येक वाचक आपल्या घरच्या जुन्या ट्रंकेत एकदा शोध घेईल आणि जे सापडेल ते संस्थेकडे सुपूर्द करील, एवढी विनंती.